घे म्हणेपर्यंत

मावशीच्या हातांना थांबणं ठाऊक नव्हतं. ती इस्पितळात आया होती, आणि पुरुषांच्या वॉर्डात तिने जन्मभर माणसं उचलली. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर, आणि काहींना शेवटी अशा जागी, जिथून परत आणायचं काम उरत नाही. ती नवीन लागली तेव्हा एका जुन्या आयेने तिला सांगितलं होतं, "पेशंटला स्वतःचं वजन कळता कामा नये. कळलं की माणूस घाबरतो." मावशीने हे इतकं मनावर घेतलं, की समोरच्याने 'उठतो' म्हणायच्या आत तिचा हात त्याच्या बगलेखाली गेलेला असे. तिच्या हातून कधी कुणी पडलं नाही. निवृत्तीला तिला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायला कुणी उरलं नव्हतं. नवरा सोडून.

नवरा शिंपी होता. गुडघे गेल्यापासून तो खिडकीशी खुर्चीत बसून बटणं लावायचा. तो खुर्चीच्या हातांवर भार द्यायचा अवकाश, मावशी स्वयंपाकघरातून धावत यायची.

"अगं, मी फक्त कूस बदलत होतो," तो म्हणायचा. "तू मला सुखाने मरूसुद्धा देणार नाहीस. आत्मा निघायच्या आधी उचलून बसवशील."

"मरा खुशाल. पण पडू नका," मावशी म्हणायची.

गल्लीच्या टोकाला बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. तिथे एका संस्थेने पोरांसाठी व्यायामशाळा काढली होती. जाड भिंती, उंचावर खिडक्या, आणि उन्हाळ्यातही जमिनीत मुरून राहिलेली जुनी थंडी. फी नव्हती. शाळा सुटलेली पोरं यायची, शाळेने सोडलेली यायची, घरी दिवसभर छताकडे बघत पडलेलीही कुणी ना कुणी हाताला धरून आणलेली असायची. वरच्या मजल्यावर सायकल दुरुस्त करायला, मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून बोलायला शिकवत. प्रथमोपचार शिकवायला मावशीला बोलावलं होतं. शिकवून ती जिना उतरली, लोखंड उचलणारी पोरं बघितली, आणि परत वर गेलीच नाही. तिचे हात शिवशिवायला लागले होते.

खाली एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, तरी कुणी मोडत नसे. बाकावर उताणं पडून छातीवरून चकत्या लावलेला लोखंडी बार उचलायचा, तर डोक्याशी कुणीतरी उभं पाहिजे. कोण, ते उचलणाऱ्याने ठरवायचं. आडवं होण्याआधी खोलीभर नजर फिरवायची आणि एकाकडे बोट करायचं. ज्याच्याकडे बोट झालं, त्याने हातातलं काम टाकून यायचं, बारखाली हात उघडे धरायचे, आणि उचलणारा 'घे' म्हणेपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. इथली निम्मी पोरं अशी होती, की जीव गेला तरी कुणाला 'घे' म्हणाली नसती. मास्तर म्हणायचे, "उचलायला मी शिकवीन. हा शब्द तुमचा तुम्हाला शिकावा लागेल." मास्तर म्हणजे तिथला तरुण शिक्षक. तोही याच थंड जमिनीवर घाम गाळून मोठा झालेला.

मावशीकडे बोटं पुष्कळ व्हायची. तिच्या हाताखाली भीती वाटत नसे. का वाटत नसे, ते कुणी फारसं बोलत नसे. एकदा एक दांडगा पोरगा बाकावरून उठून म्हणाला, "मावशी, आज मी उचललं की तू?" सगळे हसले. मावशीही हसली. घरी जाताना मात्र ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं तिला टोचत राहिलं.

मग काडीची परीक्षा आली.

काडी म्हणजे एक वाळकी, लांब हाडाची, चटकन पेटणारी मुलगी. पहिले काही महिने ती भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची, कुणाशी बोलायची नाही. मग एके दिवशी उठली आणि सगळ्यात हलका बार उचलला. आता मुलींच्या संध्याकाळच्या तुकडीला शिकवायला पगारी माणूस हवं होतं, आणि काडीला ती नोकरी हवी होती. बाकी सगळ्यात ती पास झाली होती. राहिलं होतं ते बाकावरचं ठरलेलं वजन, कुणाचाही हात न लागता. तिने मावशीकडे बोट केलं.

बार छातीपर्यंत आला. वर निघाला. मधेच थांबला. काडीचे दंड थरथरले, गळ्याची शीर फुगली, आणि मावशीची बोटं बाराला लागली. बार भसकन वर गेला.

"हात लागला," मास्तर म्हणाले.

"धरला नाही रे बाबा. नुसती बोटं."

"बोटं हातालाच असतात, मावशी."

काडी उठून बसली. "मी मेले होते का?"

"अगं, बार थांबला होता."

"थांबला होता. पडला नव्हता. मी काही बोलले होते का तुला?" तिने पिशवी उचलली. "तू इथे कुणाला उचलूच देत नाहीस. सगळ्यांना माहितेय. कुणी बोलत नाही एवढंच."

'घे' न म्हणता हात लागला की त्या दिवसाची परीक्षाच बाद; ती पुढच्या महिन्यावर गेली.

त्यानंतर मावशीकडे कुणी बोट केलं नाही. ठरवून नव्हे, नजर फिरता फिरता तिच्यावरून पुढे जायची, इतकंच. ती बाकं पुसायची. वजनाच्या चकत्या खुंटीला लावायची. नियम आपल्यामुळेच मोडला, हे तिला कळत होतं. आणि नुसत्या चकत्या लावायला आपण इथे फार दिवस येणार नाही, हेही. मग सकाळी उठून कुठे जायचं? घड्याळ आपलं भिंतीवर चालू होतं.

एका दुपारी ती नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" त्याने सुई थांबवली.

"उठा."

"कशाला? आग लागली का?"

"तुम्ही उठा. मी हात लावणार नाही. नाहीच जमलं तर 'घे' म्हणा."

शिंप्याने बायकोकडे मान वळवून पाहिलं. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्याने बटणं डबीत टाकली, खुर्चीचे हात धरले आणि निघाला. अर्ध्यावर आला. गुडघे कुरकुरले. तिथेच तो लोंबकळत राहिला, ना बसलेला ना उभा.

"म्हणा की घे!" मावशी मागून ओरडली.

"थांब. मजा येतेय."

"अहो, पडाल!"

"तुझे हात कुठायत?"

"इथेच आहेत, तुमच्या मागे."

"मग कशाला पडतोय?"

त्याने दात खाल्ले, एक खणखणीत शिवी गुडघ्यांना दिली आणि उभा राहिला. किती दिवसांनी, ते दोघांनाही आठवेना. चहा त्याने केला. साखर विसरला. मावशी तो तसाच प्यायली. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण दुसऱ्याचं वजन उचललं, पण आपली भीती एकदाही खाली ठेवली नाही.

रोज दुपारी हा खेळ चालला. कधी तो उठायचा, कधी 'घे' म्हणायचा, आणि कधी नुसता छळायचा.

परीक्षेच्या दिवशी काडीने खोलीभर नजर फिरवली. मावशी चकती पुसत होती. नजर तिच्यावरून पुढे गेली, दारापर्यंत पोचली आणि परत आली. बोट वर झालं.

"मी?" मावशी म्हणाली.

"मग काय चकती? ये. पण हात लावलास तर बघ."

"जित्याची खोड आहे गं माझी. दुसऱ्या कुणाला तरी बोलव."

"बाकीचे थांबतात, कारण त्यांना काही वाटत नाही," काडी म्हणाली. "तुला वाटतं. तू थांबून दाखव."

प्रयत्न तीन होते. पहिल्यात बार काडीकडून वाकडा गेला आणि तिनेच तो परत बाकाच्या खुंट्यांवर ठेवला. दुसऱ्यात तो सरळ निघाला आणि मागच्याच जागी थांबला. डोक्याशी उभं राहिलं की माणसाचा चेहरा उलटा दिसतो. कपाळ खाली, हनुवटी वर, आणि डोळे विहिरीतून वर बघितल्यासारखे. त्या डोळ्यांत मावशी बघत राहिली. हात उघडे होते. बार थरथरला, बोटभर खाली आला. मावशीचे तळवे जळायला लागले, तरी ते जागचे हलले नाहीत.

"घे," काडी म्हणाली.

मावशीने घेतला. दोघींनी मिळून तो खुंट्यांवर ठेवला.

"उशीर केलास," काडी धापा टाकत म्हणाली.

"तू बोलायला उशीर केलास."

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. काडीच्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. ते म्हणाले, "एक प्रयत्न बाकी आहे. दम घे आधी."

काडी पाणी प्यायली, आडवी झाली, आणि खोलीकडे न बघताच डोक्यावरून मागे बोट केलं. मावशी तिथेच उभी होती. या वेळीही बार त्याच जागी थांबला. मग हळूहळू, कुरकुरत, कुणाच्या हाताशिवाय वर गेला. तिथे काडीचे कोपर सरळ झाले, आणि खाली मावशीचे तळवे रिकामे होते.

ती घरी आली तेव्हा नवरा खिडकीशी उभा होता. उभा राहून सुईत दोरा ओवत होता. तिने पिशवी टेकवली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

"काय केलंस आज?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"दमलेली दिसतेस."

"खूप," मावशी म्हणाली.