मनगटाच्या कडीतलं पाणी

माझा स्वभाव शंकेखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीच्या एका पथकात मी विहिरी-धरणांत बुडालेल्यांना शोधायचं काम करतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, हातानं चाचपावं लागतं, आणि हाताला लागेल ते खरं मानायचं नसतं. ती सवय पाण्याबाहेरही काही सुटली नाही.

बोंडअळीनं कापूस फस्त केला त्या हिवाळ्यात पथकाला कोणीतरी एक कोरडा सूट दान दिला. आत पाणी शिरत नाही असा. हातमोजे मनगटावरच्या टणक कडीला जोडायचे; कडीच्या खाचेत काळी रबरी रिंग बसते, ती पाणी अडवते. अडवते म्हणे! महिन्याभरात दोन्ही मोजे गळायला लागले. फवारणीचे डबे धुतलेल्या एका विहिरीत उतरलो, तर हाताची सालटी निघाली.

आमचे पथकप्रमुख खुशालराव म्हणाले, "अचलपूरले फारुखभाईकडे ने."

फारुखभाई म्हणजे साठीचा, किडकिडीत माणूस. ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला पंप साध्या पाण्यानं भरून ते स्वतःच्या पाठीवर घेत आणि दुकानापुढे चकरा मारत. सदरा कोरडा राहिला तरच पंप गिऱ्हाइकाच्या हाती. "इथं माझी पाठ भिजली तं पाणीच हाय," म्हणायचे, "वावरात तुमची भिजली तं जहर हाय." थेट हिवरखेडवरून लोक पंप घेऊन त्यांच्याकडे येत.

सूट उलटसुलट करून ते म्हणाले, "जरा घालून दाखवा ना भाऊ. कसा घालता ते पाहतो."

"काहून?" मी म्हटलं. "रिंगा खराब हायेत, रिंगा पाहा."

खरं म्हणजे मला वाटलं, म्हातारा सगळी तरकीब शिकून घ्यायला बसलाय. त्याआधीच मी दोन्ही रिंगांवर पांढऱ्या शाईचा बारीक टिपका देऊन ठेवला होता. बदलल्या तर कळावं म्हणून.

चार दिवसांनी सूट आला. मोजे कोरडे ठणठणीत, पण रिंगांवर टिपका नाही! माझं डोकंच सटकलं. परदेशी माल काढून घेतला आणि लोकल टाकला, असं मी खुशालरावांच्या कानावर घातलं. आता खुशालरावांच्या कानावर घालणं म्हणजे गावात दवंडी देणं. त्यात दोन आठवड्यांत मोजे पुन्हा गळाले. "पाहा! म्हटलं नव्हतं?" मी पथकभर सांगत सुटलो.

गोष्ट अचलपूरला पोचायला कितीसा वेळ लागतो? फारुखभाईंचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. सामान बदलणाऱ्याच्या हातचा पंप जहर भरून पाठीवर कोण घेईल?

एक दिवस सकाळच्या एसटीनं ते आमच्या सरावाच्या हौदावर आले. हातात कागदाची पुडी. पुडीत माझ्या जुन्या रिंगा, टिपक्यासकट. फुगून अशा झाल्या होत्या की खाचेत बसेनात.

"तुमचा माल," ते म्हणाले. "फुगला होता, म्हून अकोल्याहून नव्या आणून टाकल्या. चिठ्ठी लिहून सुटाच्या खिशात ठेवली होती. वाचली नाही काय?"

खिसा मी उघडलाच नव्हता.

"आता तरी घाला माझ्यासमोर."

घुश्शातच बसलो. नेहमीसारखी बाटली काढली आणि कोपरापासून बोटांपर्यंत जवसाचं तेल चोळायला लागलो. विहिरीत उतरण्याआधी आमचा आजा चोळायचा, बाप चोळायचा. त्यानं थंडी बाधत नाही. त्याशिवाय पाण्यात पाय टाकणं मला अंघोळ न करता जेवायला बसल्यासारखं वाटतं.

फारुखभाईंनी माझं मनगटच धरलं. "या अल्ला! भाऊ, हे काय करून राहिले?"

"तेल हाय. सगळेच लावतात."

"अन् याच हातानं रिंग बसवता? अरे, तेल रबराले खाते! पंक्चर काढणाऱ्या कोणालेबी इचारा. पयल्याच दिवशी घालून दाखवलं असतं तं तवाच सांगितलं असतं मी."

नळाखाली बसवून त्यांनी स्वतः माझे हात साबणानं धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. खाच फडक्यानं पुसली, सोबत आणलेल्या नव्या रिंगा घातल्या. अर्धा तास हौदात काढून मी वर आलो. मोजे उतरवले तर आतला हात कोरडा होता. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना, इतकी लाज वाटली.

"चुकलो, फारुखभाई. लई चुकलो. खुशालरावले आत्ताच सांगतो. तुमच्या दुकानावर येऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा. जरूर सांगा, माझ्या रोटीचा सवाल हाय." फडक्याला हात पुसत ते उठले. "पण हा सूट पुन्हा माझ्याकडे आणू नका. पुढं कधी गळला, तं तुमाले पयलं माझंच नाव आठवीन."

छे छे, असं कसं म्हणता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या माणसासमोर आणखी खोटं बोलवेना. आठवलंच असतं.