अकरा एक, ओळीनं

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. "सकाळी उठलेच नाहीत हो भाऊजी," कमलवहिनी म्हणाल्या. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं... मरणसुद्धा याला सोपं मिळालं.

आम्ही शाळेपासूनचे. बारावीनंतर तो नाशिक रोडला टपालाच्या छाटणीवर, पत्रं गावांप्रमाणे वेगळी करायच्या कामावर लागला, मी गणित शिकवणारा प्राध्यापक झालो. निवृत्तीनंतर इंदिरानगरमध्ये शेजारी आलो, आणि एक दिवस त्यानं विचारलं, "अकरा एक ओळीनं लिहिले, तर त्या संख्येला कोणी भागतं का रे?" अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. मला ठाऊक नव्हतं. "मग मीच बघतो," म्हणाला. रोज चहानंतर दोन भागाकार, हातानं. तीन, सात, अकरा, तेरा... एकेक मूळ संख्या घेऊन. बाकी उरली तरी चेहरा फुललेला. इतकी वर्षं गणित शिकवून माझा चेहरा तसा कधी झाला नाही. तेच मला सहन होईना.

दोन वर्षांत तो बारा हजारांपुढे गेला. मी मुलाच्या कॉम्प्युटरवर संख्या टाकली, उत्तर क्षणात आलं. दुसऱ्या दिवशी वहिनींसमोर मुद्दाम सांगितलं, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो. बंद कर आता." त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. "म्हणजे आहे तर!" तो म्हणाला. "तुझी तिच्याशी भेट झाली, माझी व्हायचीय." थेट तिथं उडी मारता आली असती. त्यानं पुढचाच भागाकार मांडला.

सव्वा वर्षानं तो पोचला. वहिनींनी शिरा केला. चूक सापडेल या आशेनं मी भागाकार दोनदा तपासला. बाकी शून्य, वर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. "आता ही मूळ आहे का, तपासावं लागेल," मी प्राध्यापकी थाटात म्हणालो. तो हसला. "कशाला? हिला कुठल्या लहान संख्येनं भागलं असतं, तर तिनं आपल्या अकरा एकांनाही भागलं असतं. त्या सगळ्या तर होऊन गेल्या." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शिऱ्याची बशी बाजूला सारली.

मग त्यानं सतरा एक मांडले. "ठाऊक असलं तरी सांगू नकोस हं." मी गुपचूप पाहिलं होतं. पहिला भाजक वीस लाखांच्या पलीकडे, त्याच्या वेगानं दोनशे वर्षं. या वेळी गप्प राहिलो.

त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी मला त्याच्या टेबलाशी नेलं. शेवटचा भागाकार अर्धाच होता. "एवढा तरी पुरा करून द्या." मी बसलो. उरलेले सहा एक खाली उतरवायचे होते. चुकलो, खोडलं, पुन्हा केलं.

"गेला भाग?"

"नाही."

"बरं, मग उद्या पुढचा," वहिनी सवयीनं बोलून गेल्या, आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या. मी पानाकडे बघत राहिलो. खाली माझी खाडाखोड, वर त्याचे अंक, एकाखाली एक, छापल्यासारखे... त्या अक्षराचा मला हेवा वाटत होता, आणि खुर्चीवरून उठावंसंही वाटत नव्हतं.