खिडकीची सीट आणि रोज नवा स्टॉप

निवृत्त झाल्यावर माणूस मोकळा होतो, हे वाक्य खोटं पाडण्यासाठीच जन्माला आलेले एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते राजधानीत, मयूर विहारमध्ये आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. शुक्रवारी त्यांना हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि सोमवारी सकाळी ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन सोसायटीच्या गेटवर उभे. मी विचारलं, "काका, ऑफिसात काही राहिलंय का?" ते म्हणाले, "ऑफिस गेलं. सकाळ कुठे गेलीय?"

तेव्हा मेट्रो नव्हती. जमनापार, म्हणजे यमुनेच्या आमच्या बाजूला, नव्या सोसायट्या उठत होत्या, दर महिन्याला कुठल्या तरी गेटवर नवी कोरी मारुती दिसायची, पण आम्हा नोकरदारांचा दिवस चार्टर्ड बसवर चालायचा. महिन्याचे पैसे भरायचे, सीट ठरलेली, शेजारी ठरलेला, पत्त्यांचा डावसुद्धा कालचा आज पुढे. काकांची सीट डावीकडची चौथी, खिडकीची. ती त्यांनी सोडली नाही. त्यांचा सिद्धान्त सोपा होता: दिवसाची चौकट हलवायची नाही, आणि चौकटीत काल होतं ते आज ठेवायचं नाही. म्हणून बस तीच, सीट तीच, डबाही तोच, पण उतरायचं मात्र रोज वेगळ्या स्टॉपवर. मी हिशेबखात्यातला माणूस. एकाच भाड्यात इतका माल कुणी काढलेला मी पाहिला नाही. एक दिवस ते पहाडगंजला जाऊन कुलपांच्या ठोक दुकानात बसले आणि संध्याकाळी बसमध्ये आम्हाला कुलपाच्या आतली रचना समजावून सांगितली. एक दिवस कोर्टात जाऊन दोन अनोळखी भावांचा जमिनीचा वाद ऐकला आणि धाकट्याचं बरोबर आहे असं आमच्या सगळ्यांच्या गळी उतरवलं. कोपर्निकस मार्गावर, मराठी मुलं उतरायची तिथे गेले, की गावाकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं गाठून ते झाडाखाली त्यांची खोटी मुलाखत घ्यायचे. लातूरकडच्या एका मुलाने शेवटी विचारलं म्हणे, "सर, पास झालो का?" काका म्हणाले, "नाही. पण डबा खाऊन जा."

काकूंना हे सगळं मान्य होतं. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या होत्या, "हे सहापर्यंत बाहेर असतात म्हणून आमचा संसार टिकलाय. दोन दिवस ताप होता तर घरी होते. मला वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवत होते, अगं, मला."

घोटाळा एकदाच झाला. थंडीतल्या एका धुक्याच्या सकाळी काका विचारात होते, आणि पाय सवयीने ऑफिसच्या जुन्या स्टॉपवर उतरले. गार्डने सवयीने सलाम केला. काका जिना चढून आपल्या खोलीत गेले, आपल्या खुर्चीत बसले, शिपायाने नेहमीसारखा चहा ठेवला, आणि त्यांनी समोरची फाइल उघडून दोन पानं वाचूनही काढली. नवे साहेब आले, ते मोठ्या मनाचे, दारात थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आप चाय पी लीजिए, मैं बाद में आता हूँ." संध्याकाळी काकांनी हे सगळं हसत सांगितलं. मग यमुनेचा पूल आला, तशी मान खिडकीकडे वळवून नदी बघत बसले. त्यानंतर त्या स्टॉपचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढे सोसायट्या भरल्या आणि बसच्या सीट पुरेनात. बसचा कारभार बघणारे गृहस्थ पंजाबी होते, त्यांना सगळे प्रधानजी म्हणत. त्यांनी एका सकाळी काकांसमोर हात जोडले. "भाई साहब, बुरा मत मानना. सीट नौकरी वालों की है. लोग इंतज़ार में हैं."

काका म्हणाले, "काम पे तो मैं भी जाता हूँ, प्रधानजी. बस काम रोज़ अलग रहता है."

बस हसली, प्रधानजी नाही. खरं तर नियम त्यांच्या बाजूने होता. जी मुलगी सीटसाठी थांबली होती, ती नुकतीच नोकरीला लागलेली, डीटीसीच्या दोन सरकारी बस बदलून जायची आणि रोज उशिरा पोचायची. मला सगळ्यांनी विचारलं, कारण आकड्यांत मी पक्का. मी सांगितलं की नियमाने सीट तिची आहे. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे. मी असतो तर फाइलवर हीच नोट लिहिली असती." त्या रात्री वरच्या मजल्यावर पावलं बराच वेळ इकडून तिकडे चालत होती.

दुसऱ्या सकाळी काका गेटवर हजर. डबा, इस्त्रीचा शर्ट. बस आली तसे चढले, आपल्या सीटपाशी गेले, त्या मुलीला म्हणाले, "बैठो बेटा," आणि वरची दांडी धरून उभे राहिले. प्रधानजी म्हणाले, "भाई साहब, इस उमर में?" काका म्हणाले, "सीट दी है, बस नहीं छोड़ी. पुरानी सवारी का इतना हक तो बनता है." दोनचार दिवसांत लोक सरकून जागा द्यायला लागले. कधी पत्तेवाल्यांत, कधी ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर, कधी तिघांच्या दाटीत माझ्या मांडीवर अर्धे. काकांना हे मनापासून पटलं. मला म्हणाले, "इतकी वर्षं एकच शेजारी होता. फार चूक झाली."

तरी यमुनेचा पूल जवळ आला, की ते असतील तिथून उठायचे आणि त्या चौथ्या सीटपाशी येऊन उभे राहायचे. वाकून, दांडीला धरून, नदी संपेपर्यंत बाहेर बघायचे. ती मुलगी विणकाम करत असायची. ती वर बघायची नाही, सुयाही थांबवायची नाही. पूल आला की फक्त पाठ सीटला टेकवून थोडी मागे सरकायची.