कापसाच्या गंजीवर लावलेला कॅमेरा

त्या वर्षांत आमच्या गावात बहुतेकांच्या बैठकीच्या खोलीत माणसांऐवजी कापूस बसलेला असायचा. भाव पडलेले होते. पुढच्या आठवड्यात चढतील, संक्रांतीनंतर चढतील, असं म्हणत लोक पलंग-खुर्च्या ओसरीत काढायचे आणि खोलीत गंजी लावायचे. आमचीही गंजी छतापासून दोन हात खाली पोचली होती. घरभर सरकीचा वास, आणि अंगाला खाज.

मी वणीला एका शाळेत कारकून आणि बायको अंगणवाडीत. दोघंही साडेनऊला घराबाहेर पडायचो आणि साडेपाचला परत यायचो. मधले आठ तास घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. अकरा वर्षं तसंच चाललं होतं. नळ आला की त्या आमची टाकी भरायच्या, सिलिंडर आलं की उतरवून घ्यायच्या. आमची आळी विहाराच्या मागे आहे. तिथे एकमेकांची किल्ली ठेवणं यात विशेष काही नाही.

गंजी लावली त्या दिवशी मी भिंतीवर पेन्सिलीने तिच्या उंचीची रेघ मारली. कापूस आपल्या वजनाने दबतो हे मला माहीत आहे. आदल्या वर्षी आठ दिवसांत तो दोन बोटं दबला होता, तशी नोंद होती. या वर्षी तेवढ्याच दिवसांत चार बोटं खाली गेला. म्हणजे दोन बोटं जास्त. दोन बोटं ऐकायला काहीच वाटत नाही, पण खोली बारा बाय दहाची आहे. बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं, आणि किल्ली एकीकडेच होती.

बायकोला मी फक्त एवढंच म्हणालो, की आजूबाजूला चोऱ्या होत आहेत, कॅमेरा लावू.

वणीच्या दुकानदाराने खोका फोडला, कॅमेरा आपल्याच मोबाइलवर सुरू करून दाखवला, मग माझ्या मोबाइलवर. "झालं भाऊ, घरी नेऊन नुसता पिन खुपसा," म्हणाला. मी घरी येऊन पुस्तिका तीनदा वाचली. साडेसात फुटांवर खिळा ठोकला, तिथून दार आणि गंजी दोन्ही दिसतात याची खात्री केली. खोक्यावर छापलेला पासवर्ड बदलून चौदा अक्षरांचा केला. वायफायचाही बदलला, कारण जुना म्हणजे माझा मोबाइल नंबर होता आणि तो अर्ध्या गावाला पाठ. सगळं करून झाल्यावर एका पानावर दिसलं: जोडलेले मोबाइल, दोन. एक माझा. दुसरा कुणाचा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं. दुकानदार हसला. "माह्याच आहे भाऊ. सगळ्याइचे राहतेत माह्या मोबाइलात. बिघडलं का मलेच फोन करता ना तुमी?" त्याने बोट सरकवत दाखवलं. राजूरचं एक घर, मुकुटबनचं एक, त्याखाली आणखी किती तरी. प्रत्येक चौकटीत एक पुढची खोली आणि तिच्यात कापसाची गंजी. एका गंजीवर कोंबडी बसली होती. चोराला तालुक्याचा असा नकाशा मिळाला असता तर त्याने दुकानदाराच्या पाया पडायचं बाकी ठेवलं असतं. "मी काही पाहत नाही," तो म्हणाला. मी कॅमेरा घरी नेऊन सुईने मागचं बटन दाबलं, सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लावलं. आता मोबाइल एक. नवीन मोबाइल जोडायचा तर परवानगीचे आकडे माझ्याच मोबाइलवर येणार. बाहेरच्यांचा बंदोबस्त पक्का झाला.

राहिली आतली गोष्ट. कॅमेरा हालचाल झाली तेवढंच टिपायचा आणि माझा मोबाइल वाजवायचा. मंगळवारी एक अडतीसला काकू दार उघडून आत आल्या. गंजीच्या मागच्या अंगाला वाकल्या. एक त्रेचाळीसला चादरीचं गाठोडं काखेत घेऊन बाहेर पडल्या. त्यानंतरचं टिपण चार वाजून दोन मिनिटांचं, खिडकीचा पडदा हलल्याचं. गुरुवारी पुन्हा तसंच. फक्त तीन मिनिटं आधी.

मी बायकोला दाखवलं. तिने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "काकू नाही नेणार." मी म्हणालो, नेताना दिसतंय. ती म्हणाली, "मग तुम्हीच इचारा. मी नाही येत."

शुक्रवारी परत आल्याबरोबर, घर उघडायच्या आधीच गेलो. काकू ओसरीत तूर पाखडत होत्या.

"काकू, मंगळवारी तुम्ही आमच्या घरात पाच मिनिटं होत्या."

"होती ना. मोजली काय?"

"गाठोडं नेलं तुम्ही. गुरुवारीही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग कमरेची किल्ली काढून पुढे निघाल्या, माझंच दार उघडलं आणि माझं मनगट धरून हात गंजीखाली, मोरीच्या भिंतीकडे खुपसला. आतला कापूस ओला होता, आणि गरम.

"मोरीची भिंत झिरपून राह्यली. तुले वास नाही आला? ओला कापूस दबते, बापू. अजून आठ दिवस राह्यला असता तं काळा पडला असता. गच्चीवर वाळू घातला, तीन वाजता आणून टाकला. दोनी दिवस."

"आणून टाकलेला कॅमेऱ्यात नाही."

"लाइन नोहोती तवा. तुहा कॅमेरा काय हवेवर चालते?"

भारनियमनाचं वेळापत्रक मीच दाराच्या मागे चिकटवलं होतं. त्या आठवड्यात पावणेदोन ते चार. एक त्रेचाळीस आणि चार-दोन यांच्यामधली भोक पडलेली जागा मी चार दिवस पाहत होतो आणि ती मला रिकामी वाटली, बंद वाटली नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"बुधवारी आलती सांगाले. तू मोबाइल पाहत होता. हूं म्हटलं अन् मान बी वर नाही केली."

बुधवारी संध्याकाळी मी काय पाहत होतो हे मला आठवलं: मंगळवारचंच चित्रण, काकू गाठोडं नेतानाचं.

इथे खरं सांगायचं तर माझा संशय तेवढ्याने गेला नाही. दुसऱ्या दिवशी टाकी पाहायच्या निमित्ताने मी आमच्या गच्चीवर चढलो आणि त्यांच्या गच्चीवर नजर टाकली. दोरीला कापसाची एक पुंजकी अडकलेली होती. मी ती पुरावा नंबर एक म्हणून धरली, आणि अशा आणखी किती वाऱ्याने उडाल्या असतील याचा अंदाज करत उभा राहिलो. खाली बायको भिंतीला सिमेंट लावायला गवंडी शोधत होती.

किल्ली काकूंनी परत दिली नाही. मला वाटलं होतं, देतील. सोमवारी शाळेत मोबाइल वाजला. काकू आत आल्या होत्या. कॅमेऱ्याखाली येऊन थांबल्या, मान वर केली, चादर दोन्ही हातांनी उलगडून आधी एक बाजू दाखवली, मग दुसरी.

"रिकामी हाय, बापू. पाहून घे."

मग वाकून ओला कापूस भरला, गाठोडं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि गेल्या. लाइन होती त्या दिवशी, म्हणून परत आलेल्याही दिसल्या. गाठोडं सोडलं, चादर झटकली, पुन्हा दोन्ही बाजू.

संध्याकाळी मी म्हणालो, "काकू, तसं करायची गरज नाही." त्या म्हणाल्या, "राहू दे. तुले मोजाले बरं पडते."

गंजी विकेपर्यंत सात वेळा त्यांनी तसं केलं. कॅमेरा मी काढू शकलो असतो; एका खिळ्यावर तर होता. पण गंजी अजून खोलीत होती, आणि मोबाइल वाजला की मी पाहायचो.