न पिचणाऱ्या बांगड्या

आयुष्यात मी एकच माल असा विकला, की ज्याबद्दल एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. आणि त्याच मालानं आमच्या दुकानाची वाट लावली.

आम्ही भूमचे मण्यार. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी नुकताच मॅट्रिक नापास झालो होतो, त्यामुळं मला सगळंच कळत होतं. आठवडी बाजारात अब्बा बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरत. एकेका हाताला अर्धा तास! ज्वारी पिकली की बायका डझनानं भरत, पाऊस दडला की दोनावर भागवत. सणाच्या तोंडावर मात्र भाव कुणी विचारत नसे. त्या वर्षीच्या सणांच्या कमाईवर माझ्या बहिणीचं, जुबेदाचं लग्न ठरलं होतं.

मी सोलापूरहून प्लॅस्टिकच्या बांगड्यांचं पोतं आणलं. आधी पाटलीणबाईंनी घेतल्या, मग त्यांचं बघून अख्ख्या गल्लीनं. दोन बाजारांत पोतं रिकामं झालं.

अब्बांनी एक बांगडी दाबली, वाकवली, दगडावर आपटली. "ही पिचायची कवा?"

"कवाच न्हाय, अब्बा," मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी नुसती मान हलवली. (मला वाटलं, कौतुकानं.)

काचेचा सगळा माल मी कळंबच्या एका व्यापाऱ्याला पडेल भावात दिला, घरच्या दोन शेळ्या विकल्या आणि आणखी पाच पोती आणली. मग बाजारामागून बाजार गेले, एक बाई फिरकेना. धुणं, भांडी, खुरपणी, पोरांची ओढाओढ, कशानंही त्या बांगड्या पिचत नव्हत्या!

नागपंचमीच्या आधी मात्र झुंबड उडाली. सगळ्यांना काचेच्याच हव्या होत्या. मी प्लॅस्टिकच्या हिरव्या पुढं केल्या. राधाक्का म्हणजे अब्बांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी त्या कानाशी हलवून परत ठेवल्या.

"ह्या वाजत न्हाईत, बाबा. आन् आपल्या आपण चढत्यात. मग चाचापाशी बसायचं कशाला?"

मला लाज वाटली. सासरचं गाऱ्हाणं निवांत ऐकून घेणारं माणूस त्या बायकांना बाजारात तेवढंच होतं, आणि मी लहानपणापासून समजत होतो की अब्बा बांगड्या विकतात.

जुबेदाचं लग्न वर्षभर लांबलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी फक्त हात पुढं करून म्हणाली, "भाईजान, मला काचंच्या भरा."

मी भरायला बसलो. चढवता चढवता तीन पिचल्या. त्या पंचमीनंतर अब्बांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"आता कुठं धंदा शिकायला लागलास," ते म्हणाले.