आक्काचा पहिला तुकडा

माझी आक्का मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. पोरी तिला नाकमावशी म्हणतात. मासेवाल्याने टोपली ओट्यावर ठेवली की आक्का वाकायची, एकदाच वास घ्यायची आणि पसंत नसलं की म्हणायची, "परत ने." तो बिचारा आईची शपथ घ्यायचा, गयावया करायचा, पण आक्काचं नाही म्हणजे नाही. रेक्टरबाई तर आलेल्या पालकांना कौतुकाने सांगत, मावशींच्या नाकाखालून गेल्याशिवाय आमच्याकडे काही शिजत नाही.

आणि तेच नाक गेल्या थंडीतल्या तापात गेलं. पार गेलं. फोडणी करपली तरी हिला पत्ता नाही! मी शेजारी भाजी चिरायला असते म्हणून निभावलं. मी तिला सतरांदा सांगितलं, रेक्टरबाईंच्या कानावर घाल. ती म्हणायची, "आणि मग? वास न येणारी नाकमावशी कोण ठेवून घेईल?" भावजी गेल्यापासून त्या स्वयंपाकघराशिवाय तिला दुसरं जग नाही, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग, माझा जीव रोज टांगणीला.

"मी घेते की वास," मी म्हटलं.

"तू? तुला नासलेलं दूध चहात घालेपर्यंत कळत नाही."

मग तिने स्वतःच डोकं चालवलं. मासे आले की एक तुकडा आधी तळून स्वतः खायचा आणि तासभर थांबायचं. आपल्याला काही झालं नाही, की मग पोरींसाठी कढई चढवायची. हे मला कळलं तेव्हा मी अशी भडकले, की हातातला झारा आपटला. "अगं, तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "आणि झालंच तर एकटीला होईल. त्या लोकांच्या लेकी आहेत."

तेव्हापासून मासे आले, की माझं लक्ष कांद्याकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त.

त्या दिवशी मासेवाला उशिरा आला. वाटेत गाडी बंद पडली म्हणे. टोपलीत बांगडे होते आणि बर्फाचं नुसतं पाणी झालेलं. आक्का वाकली, वास घेतल्यासारखं केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मीही नाक घातलं. घाण असा वास काही नव्हता, खरंच नव्हता. रेक्टरबाई दारातच उभ्या होत्या. आक्का म्हणाली, "ठेव."

तिने तुकडा तळला, खाल्ला. "जिभेला चरचरतंय गं. मिरपूड घातलीस का तू?"

"मी कशाला घालू?"

थोड्याच वेळात तिची मान लाल झाली, मग गाल, मग कान. चुलीची धग असेल म्हणाली आणि पदराने वारा घेत बसली. मग छातीला हात लावला. "धडधडतंय. डोकं फुटतंय माझं." रेक्टरबाई धावत आल्या, तिच्याकडे बघून म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी! माझ्या भाचीला कोळंबीने अगदी अस्संच होतं. तुम्ही दवाखान्यात जा, जेवणाचं मी बघते." आम्हाला गाडीत कोंबलं त्यांनी. मला तेव्हा आक्काशिवाय काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन टोचलं, मग विचारलं, "बांगडा पहिल्यांदाच खाल्ला का?"

"छे हो! लहानपणापासून खातेय."

"कधी त्रास?"

"कधीच नाही."

"आजचा मासा बर्फात होता?"

मी मासेवाल्याची बंद पडलेली गाडी आणि वितळलेला बर्फ सांगितला. त्यांचा चेहरा बदलला. "ही अ‍ॅलर्जी दिसत नाही. दोष मावशींच्या अंगात नाही, माशात आहे. उन्हात राहिला की त्यात विषार तयार होतो, मग तळा नाहीतर उकळा, तो जात नाही. बाकीचे मासे कुठे आहेत?"

मी लगेच रेक्टरबाईंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. आक्का खाटेवर उठून बसली होती, झोप म्हटलं तरी ऐकेना. तिसऱ्यांदा रेक्टरबाईंनी उचलला. मागे ताटांचा आवाज.

"बाई, मासे वाढू नका! डॉक्टर सांगतायत."

"अहो, तळून झालेत सगळे. आता ऐनवेळी पोरींना काय घालू? मावशींच्या अंगाला सोसला नाही तो भाग वेगळा. मासा ताजा आहे, माझ्यासमोर मावशींनी स्वतः वास घेतलाय. डॉक्टरांना काय कळतंय मावशींच्या नाकापुढे?"

मी तोंड उघडणार, तोच आक्काने फोन ओढून घेतला.

"बाई, मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही. सकाळी मी नुसतं नाटक केलं. टाका ते सगळं, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

पलीकडे रेक्टरबाई कुणावर तरी ओरडल्या, "थांबा! ताटाला हात लावू नका कुणी!" आणि बाकांचा खडखडाट. काही वेळाने त्या फोनवर आल्या. कुणी घास घेतला नव्हता. "उद्या बोलू आपण," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुटलो बाई एकदाच्या!

डॉक्टरीणबाई आक्काची नाडी बघत होत्या. धीर द्यायला म्हणाल्या, "नाकाचं मनाला लावून घेऊ नका, मावशी. या विषाराला बहुतेक वेळा वासच नसतो. तुमचं नाक शाबूत असतं तरी कळलं नसतं."

आक्काने हात सोडवून घेतला.

"बघ," मी म्हटलं, "तुझी चूक नव्हतीच मुळी!"

ती हसली नाही.

"अगं, म्हणजे नाक होतं तेव्हाही हे कळलं नसतंच," ती हळूच म्हणाली, "तेव्हा तर मी आधी खातही नव्हते. सरळ पोरींना वाढत होते."