घर, नोकरी आणि एक इंग्रजी वाक्य

मैत्रिणींनो, साताऱ्यातल्या सायबर कॅफेतून लिहितेय. अमेरिकेपर्यंत पसरलेल्या आपल्या ई-मेल ग्रुपवर एवढ्या रागाने कधी लिहिलं नव्हतं, सांभाळून घ्या.

आज आमच्या कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. घर आणि नोकरी कशी सांभाळता, हे मला इंग्रजीत विचारणार, असं आधीच कळलं होतं. आठवडाभर भाकऱ्या थापताना वाक्य घोकत होते. ‘मॅनेज’ म्हणू, ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणू की ‘बॅलन्स’? सासूबाई वैतागल्या, “दोनी तूच करतीयास, तसंच सांग की सरळ!”

शेवटी मुलाखतीत म्हणाले, “आय बॅलन्स माय होम अँड माय जॉब.”

मोठे साहेब हसले. “बॅलन्स? सर्कशीत आहात का?” मुलाखत घेणारे बाकीचे दोघेही हसले. कामाबद्दल एकही प्रश्न नाही. नऊ वर्षं इथल्या मशीनवर काम करतेय मी!

माझ्यानंतर त्याच जागेसाठी आलेले शिंदे आत जाऊन आले. त्यांनाही दोन लहान मुलं आहेत. मी विचारलं, “घराबद्दल काय सांगितलंत?”

“मला न्हाई ओ इचारलं. मशीनचंच बोलले.”

डोकंच फिरलं माझं. दार ढकलून आत गेले आणि मराठीत म्हणाले, “साहेब, शिंद्यांनाही घर आहे. बोलवा त्यांना, त्यांचंही इंग्रजी तपासा.”

आता कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, “तुम्ही या आता.”

जागा गेली, माहीत आहे मला. पण अमेरिकेतल्या मैत्रिणींनो, एवढं कळवा: तिकडे हे वाक्य पुरुषांना पाठ करावं लागतं का?